उभ्या ट्रकलाही भूक लागते

लासलगावहून कांदा भरून एक ट्रक दिल्लीला निघालाय असं समजा. अंतर साधारण १,२०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं तर नुसतं जायला ३०० लिटर डिझेल लागतं, म्हणजे ९० रुपयांच्या भावाने २७,००० रुपये. वर टोल, ड्रायव्हरचा भत्ता, हमाली, वाराई आणि वाटेतली कुठेच न लिहिली जाणारी देणी. जातानाचं आणि येतानाचं भाडं धरून, हे सगळं वजा करून, मालकाच्या हातात एका फेरीमागे ३०,००० रुपये उरतात असं मानू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण असा हिशेब प्रत्येक मोटारमालकाच्या खिशातल्या वहीत असतो.

आता दुसरी बाजू. गाडीचा हप्ता महिन्याला ६०,०००. विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार, टायरसाठी बाजूला टाकायचे पैसे मिळून आणखी ४०,०००. म्हणजे गाडी चालो न चालो, महिन्याला १ लाख ठरलेले. फेऱ्या तीन झाल्या तर हातात येतात ९०,००० आणि घरचे १०,००० घालावे लागतात. चार झाल्या तर १,२०,००० येतात आणि २०,००० सुटतात.

मग तीन की चार, हे कशावर ठरतं? जाऊन-येऊन २,४०० किलोमीटर. दिवसाला ४०० कापले तरी चाकं फिरतात सहाच दिवस. उरलेले चार दिवस गाडी उभी असते. कुठे माल भरायला, कुठे उतरवायला, कुठे कागदांसाठी आणि सगळ्यात जास्त वेळ परतीच्या भाड्याची वाट बघत. अशी दहा दिवसांची फेरी असली की महिन्यात तीन होतात. हेच उभं राहणं चार दिवसांवरून दीड दिवसावर आणा. फेरी साडेसात दिवसांत आटोपते आणि महिन्यात चार बसतात. डिझेल स्वस्त झालं नाही, भाडं वाढलं नाही, तरी तोट्यातली गाडी नफ्यात आली.

एवढं लक्षात ठेवलं तर आपल्याकडच्या ट्रकधंद्याचा शंभर वर्षांचा इतिहास बराच सोपा होतो. गाडी कुठे कुठे अडत होती, ती गाठ कोणी सोडवली आणि तिथे वाचलेला वेळ पुढे कोणी खाल्ला, एवढंच पाहायचं.

आधी घाट, मग रूळ

देशावरून कोकणात माल उतरवायचा म्हणजे एकेकाळी बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे हेच काम करायचे. १० नोव्हेंबर १८३० रोजी भोर घाटाचा रस्ता खुला झाला तेव्हा मोठी गोष्ट घडली ती ही, की पुण्याकडची गाडी आता चाकांसकट खाली पनवेलला उतरू शकत होती. पण बैलगाडीचं हे राज्य जेमतेम एक पिढी टिकलं. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८६३ मध्ये रेल्वेने भोर घाटही सर केला, आणि लांबचा माल रुळांवर गेला तो जवळजवळ शंभर वर्षं तिथेच राहिला.

मोटार लॉऱ्या पहिल्या महायुद्धानंतर दिसू लागल्या. १९२०-३० च्या दशकांत त्या रेल्वेला समांतर रस्त्यांवरून धावायला लागल्या तसं सरकार अस्वस्थ झालं. रेल्वेत सरकारचा प्रचंड पैसा अडकलेला होता. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांचा रस्ते-रेल्वे स्पर्धेवरचा अहवाल आला आणि १९३९ मध्ये मोटार वाहन कायदा. या कायद्याने ‘परमिट’ ही चीज पक्की केली. गाडी तुमची, डिझेल तुमचं, रस्ता सगळ्यांचा, पण ती गाडी कुठल्या भागात भाड्याने चालवायची हे सरकार ठरवणार. आज आपण ज्याला नुसतं ‘आरटीओ’ म्हणतो, त्या व्यवस्थेची मुळं तिथे आहेत. म्हणजे ट्रकला पहिला मोठा अडथळा नदीने किंवा डोंगराने घातला नव्हता. तो रेल्वेच्या काळजीपोटी कागदावर घातला गेला होता. स्वातंत्र्य मिळालं, पण काळजी तीच राहिली आणि परमिटही.

एक गंमत इथे सांगायलाच हवी. १९४५ मध्ये टाटांनी जी ‘टेल्को’ कंपनी काढली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. नावातच ‘लोकोमोटिव्ह’ होतं. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून ट्रक बाहेर पडू लागले. रेल्वेसाठी जन्मलेल्या कंपनीनेच पुढे रेल्वेचा माल पळवणारी गाडी गावोगाव पोचवली. करार १९६९ मध्ये संपला. तोवर बोनेटवर मर्सिडीजचा तारा मिरवणारे हे ट्रक लोकांच्या इतके ओळखीचे झाले होते, की त्यानंतरही कित्येक वर्षं म्हातारे ड्रायव्हर टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणायचे. टाटांच्या आधीचे ट्रक कुर्ल्याचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत क्रायस्लरच्या मदतीने बनणारे डॉज आणि फार्गो. मद्रासजवळ एन्नोरला १९५५ पासून अशोक लेलँड. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा कारखाना उभा करण्यामागे सुमंत मूळगावकर होते, आणि त्या एका कारखान्याभोवती नट-बोल्टपासून गिअरपर्यंत सगळं बनवणाऱ्या वर्कशॉपांची जी दाटी झाली ती आजही आहे.

रेल्वे स्वस्त, तरी हरली

१९५०-५१ मध्ये देशातल्या दर दहा टन मालापैकी जवळजवळ नऊ टन रेल्वेने जात. आज चित्र उलटं आहे, निम्म्याहून कितीतरी जास्त माल रस्त्याने जातो. पण ट्रक स्वस्त पडतो म्हणून हे घडलं, असं समजू नका. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना घर्षण फार कमी असतं. तेवढाच माल तेवढंच अंतर न्यायला आगगाडीला ट्रकच्या मानाने खूप कमी इंधन पुरतं.

ट्रक जिंकला तो दारामुळे. रेल्वेने माल पाठवायचा तर दुकानातून स्टेशनपर्यंत एक गाडी, तिथे हमाली, वाघिणीत चढवणं, मग वाघीण कधी हलेल याची वाट, पलीकडच्या स्टेशनात पुन्हा हमाली आणि पुन्हा एक गाडी. दोन ठिकाणच्या चढ-उतारात काचसामान फुटतं, कांदा दबतो, पोती फाटतात. ट्रक तुमच्या गोदामाच्या दारात मागे लागतो, फाळका पडतो, माल भरला की ताडपत्री, दोर, गाठ. तो दोर सुटतो थेट गिऱ्हाइकाच्या दारात.

त्यात रेल्वेने स्वतःच लहान व्यापाऱ्याचा हात सोडला. १९८० च्या दशकापासून सुट्या वाघिणींऐवजी अख्खी गाडी भरेल एवढाच माल घेण्याकडे तिचा कल गेला. कोळसा, खनिज, सिमेंट, सरकारी धान्य यांना हे परवडतं. चाळीस-पन्नास वाघिणी भरायच्या म्हणजे हजारो टन माल एका वेळी हवा. इचलकरंजीच्या कापडवाल्याकडे दहा टन गाठी असतात. तो कुठे जाणार? शिवाय प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवायला रेल्वे मालाचं भाडं चढं ठेवत आली, हेही आहेच. आपण शंभर रुपयांत बसून गावी गेलो त्याचा थोडा भार कोणाच्या तरी सिमेंटच्या पोत्यावर पडला होता.

टेम्पो, आयशर, छोटा हत्ती

या धंद्याची वाढ मराठीतल्या शब्दांवरूनही वाचता येते. ‘टेम्पो’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली आणि हान्सिआट नावाची तीन चाकी मालगाडी आणली. पुढे कंपनी आकुर्डीला आली, मॅटॅडोर आली, कंपनीचं नावही बदललं. पण शब्द घट्ट चिकटला. आज घर बदलायचं म्हटलं की आपण ‘टेम्पो बघ रे’ म्हणतो, मग समोर कुठल्याही कंपनीची गाडी येवो.

१९८० च्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांना हलक्या ट्रकसाठी भागीदारीत येऊ दिलं. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी अशा चार जोड्या उतरल्या. टाटांनी १९८६ मध्ये ४०७ आणून उत्तर दिलं. ४०७ चं वैशिष्ट्य असं, की ती जपानी गाडीइतकी नाजूक नव्हती. आपल्या रस्त्यांवर, आपल्या वजनाने भरली तरी ती तक्रार करायची नाही. गावातल्या मेस्त्रीला ती उघडता यायची. टोयोटा आणि निस्सानच्या जोड्या टिकल्या नाहीत. आयशर टिकली, आणि मधल्या आकाराच्या कुठल्याही ट्रकला ‘आयशर’ म्हणायची सवय आपल्याला लावून गेली. बातमीदारही ‘आयशर टेम्पोची धडक’ असं बिनदिक्कत लिहितात.

२००५ मध्ये टाटा एस आली. तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव चिकटलं आणि कंपनीने दिलेलं नाव मागे पडलं. तिचं महत्त्व असं, की मोठ्या ट्रकांना शहरात दिवसा बंदी, गल्ल्या अरुंद, आणि तीनचाकी रिक्षाटेम्पो हायवेवर नेणं जिवावरचं. या दोहोंमधली जागा तिने भरली. शहराबाहेर मोठी गाडी रिकामी करायची, आत छोट्या हत्तीने पोचवायचं, ही पद्धत तिच्यामुळे घट्ट झाली. आणि चार चाकांचा मालक होणं प्रथमच रिक्षावाल्याच्या आवाक्यात आलं.

नाक्यांचे दिवस

परमिटची गाठ सैल व्हायला फार वेळ लागला. आधी परराज्यात शिरायचं तर तिथली वेगळी सही-शिक्का लागे. १९७५ मध्ये ‘नॅशनल परमिट’ आलं, पण तेही मोजक्यांनाच आणि प्रत्येक राज्याचा वेगळा कर भरून. खऱ्या अर्थाने ‘नॅशनल’ ते झालं २०१० मध्ये. तेव्हाच्या दराने वर्षाला १५,००० रुपये एकदाच भरा आणि देशभर फिरा.

पण महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरला विचाराल तर तो परमिटपेक्षा जकातीच्या, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराच्या, आठवणी काढेल. प्रत्येक शहराच्या वेशीवर नाका. नाक्यावर रांग. रांगेत ट्रक लागला की ड्रायव्हर बिल आणि बिल्टी (मालवाहतुकीची पावती) घेऊन खिडकीकडे, तिथे फॉर्म भरून देणारे जकात एजंट, मालाची किंमत बरोबर की कमी दाखवली यावर हुज्जत. क्लीनर तोवर गाडीखालच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळ टाकायचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी हे पाहिलंय आणि ट्रकवाल्यांचं आयुष्य म्हणजे सहलच असं मला वाटायचं. डाळ शिजून, जेवण होऊन, भांडी घासून झाली तरी रांग हलत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

नगरपालिकांची जकात आधी गेली, मग बहुतेक महापालिकांची, तिच्या जागी काही वर्षं एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला. मुंबई शेवटपर्यंत अडून राहिली. तिची जकात बंद झाली ती जीएसटीच्या दिवशी, १ जुलै २०१७ ला. मुलुंड, दहिसरचे नाके एका रात्रीत ओस पडले. पहिल्या आठवड्यातच वीसहून जास्त राज्यांनी सीमेवरचे विक्रीकर तपासणी नाके उठवले.

जीएसटीचा दुसरा परिणाम कमी दिसतो, पण तो मोठा आहे. आधी परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे. आपल्याच दुसऱ्या गोदामात माल हलवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात एकेक गोदाम ठेवत, गरज असो वा नसो. भिवंडीची गोदामंही मुंबईच्या जकातीबाहेर राहण्याच्या सोयीनेच फुगली. कर एक झाला तसं गोदामं कुठे असावीत हे कराने नाही, नकाशाने ठरू लागलं. गोदामं कमी आणि मोठी झाली, त्यामुळे एका वेळी जास्त माल लांब न्यायची गरज वाढली आणि दहा-बारा चाकी गाड्या व ट्रेलरना काम मिळालं. १९९९ मध्ये सुरू झालेला सुवर्ण चतुष्कोन, दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा रस्ता, तोवर तयारच होता. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्या पैशांची भांडणं संपली.

नवा अडथळा मात्र खिशात बसून आला. परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन परवाना-कागद, लागतं आणि त्याला मुदत असते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, मेस्त्री दुसऱ्या दिवशी आला, की बिल शिळं. मुदत वाढवून घ्यायची सोय आहे, पण तेवढ्यात तपासणी आली तर दंडाचा घोर आलाच.

मालक एकटा, दलाल अनेक

एवढा मोठा धंदा म्हटल्यावर हजारो गाड्यांच्या कंपन्याच तो चालवत असतील असं वाटतं. तसं नाही. देशातल्या बहुतांश ट्रकांच्या मालकांकडे पाच किंवा त्याहून कमी गाड्या आहेत, आणि कित्येकांकडे एकच. जुनी गाडी कर्जावर घ्यायची, फेडायची, विकून थोडी नवी घ्यायची. अनेक जण आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग मालक असे चढले. जुन्या ट्रकला मोठ्या बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा १९७९ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपन्यांनी नेमकं याच माणसाला कर्ज दिलं.

पण एका गाडीच्या मालकाला कारखाना थेट काम देत नाही. काम मिळतं ट्रान्सपोर्ट ऑफिसला, तिथून दलालाला आणि दलालाकडून गाडीला. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं. भाड्याचा बराचसा भाग आगाऊ मिळतो, उरलेला ‘पोच’ परत आल्यावर. पोच म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली बिल्टी. त्या एका कागदापायी शिल्लक रक्कम महिनोन्‌महिने लटकते. बिल्टीचा कायदा तर बघा. २००७ चा नवा कायदा लागू होईपर्यंत देश १८६५ च्या वाहक कायद्यावर चालत होता. तो झाला तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती.

असा विखुरलेला मालक भाव ठरवू शकत नाही. २०१८ चं उदाहरण घ्या. सरकारने एका अ‍ॅक्सलवर (चाकांच्या आसावर) किती वजन चालेल याची मर्यादा वाढवली. दहा चाकी गाडीचं मालासकट वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. रिकामी गाडी साडेआठ टनांची धरा. आधी साडेसोळा टन माल बसायचा, आता वीस. मालकांना आनंद व्हायला हवा होता. पण देशातला माल रातोरात वाढला नव्हता. सहा गाड्यांचा माल आता पाच गाड्यांत मावू लागला आणि सहावी गाडी भाडं पाडून काम मागू लागली. हाच खेळ ओव्हरलोडमध्ये कायम चालत आलाय. एक जण जादा भरतो म्हणून दर पडतो आणि दर पडला म्हणून दुसऱ्यालाही जादा भरावं लागतं. रस्त्याचं तर विचारूच नका. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सुमारे सोळा पट होते.

ही सगळी ओढाताण शेवटी केबिनमध्ये पोचते. वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगायचा, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू. एक गाडी, एक मालक, एक ड्रायव्हर असेल तर तो कायदा शेजारून निघून जायचा. खर्च वाचवायला क्लीनर तर बहुतेक गाड्यांवरून उतरलाच. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर अचानक थांबले तेव्हा आपल्याकडे पेट्रोलपंपांवर रात्रीपर्यंत रांगा लागल्या, आठवतं? नव्या न्यायसंहितेत अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. ड्रायव्हरांचं म्हणणं एवढंच होतं, की थांबलो तर जमाव मारतो. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, ते पोटकलम मात्र बाजूला ठेवून. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. गाडीच्या किमतीत थोडी भर पडते म्हणून कुरकुर ऐकू येते. मे महिन्यात दुपारी विदर्भातून, पायांशी तापलेलं इंजिन घेऊन गाडी चालवणाऱ्याला ही कुरकुर ऐकवून बघावी.

माल उतरवायला कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस लागतात, त्याचं ‘हॉल्टिंग’, म्हणजे खोळंब्याचे पैसे, मालकाला मागून मिळत नाही, ड्रायव्हरला तर नाहीच. नाके गेले, परमिट सुटलं, रस्ते रुंद झाले, पण सुरुवातीच्या हिशेबातले ते चार दिवस पुरते गेलेले नाहीत. त्यांतला एखादाच दिवस आता सरकारी खिडकीपाशी जातो. बाकीचे गिऱ्हाइकाच्या फाटकाशी आणि दलालाच्या फोनची वाट बघण्यात.

कोकणात मात्र एक वेगळाच तोडगा १९९९ पासून चालू आहे. कोलाडला भरलेले ट्रक एकामागोमाग एक कोकण रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात, चाकांना अडसर लावतात आणि आगगाडी त्यांना घेऊन गोव्यात वेर्ण्याला जाते. ‘रो-रो’ म्हणतात त्याला. ज्या रेल्वेला ट्रकपासून वाचवायला १९३९ चं परमिट आलं, तिच्याच पाठीवर ट्रक बसतो. घाटातली वळणं नाहीत, डिझेल जळत नाही, टायर झिजत नाही. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून झोपलेला असतो, आणि गाडी उभी असूनही किलोमीटर मागे पडत असतात.